तरुण मुले, मोबाईल आणि साबुदाण्याच्या गोळ्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात पाककृतींची स्पर्धा आणि हळदीकुंकू यांच्यामध्ये डॉक्टरीणबाईंचे व्याख्यान ठेवणे म्हणजे बासुंदी आणि पुरीच्या मध्ये काढ्याचा पेला ठेवण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. तेव्हा काढा फार कडू होऊ न देण्याची काळजी मी घेईन. पण गोड करून सांगण्याचा हा विषयही नव्हे.

विषय मी निवडलेला नाही, तुम्ही निवडला आहे. चिटणीसबाईंनी महिनाभर आधी वाचनालयाच्या टेबलावर एक पेटी ठेवली होती. तिच्यात २३ चिठ्ठ्या निघाल्या. दोन चिठ्ठ्या गुडघेदुखीच्या होत्या, एक केस गळण्याची होती, आणि एकीत नुसतेच 'व्याख्यान लहान ठेवावे' असे लिहिले होते. १४ चिठ्ठ्या मात्र एकाच गोष्टीच्या: घरातला विशी-पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी, हातातला मोबाईल, उडालेली झोप, चिडचिड आणि मनावरचा ताण. त्यांतली एक चिठ्ठी मी जशीच्या तशी वाचून दाखवते. 'आमचा मुलगा २२ वर्षांचा आहे. रात्रभर मोबाईल बघतो. बोलले की अंगावर येतो. होमिओपॅथीने हे व्यसन सुटते असे ऐकले. गोळ्या त्याला न सांगता चहातून दिल्या तर चालतील का?'

ही चिठ्ठी कोणाची ते मला ठाऊक नाही आणि शोधण्याची इच्छाही नाही. परंतु आजचे माझे सगळे बोलणे या एका माउलीला उद्देशून आहे असे समजा.

प्रथम, हे व्यसन म्हणजे आहे तरी काय? आपल्या देशात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्या वेळी टेलिफोनच्या तारेतून ते यायचे, मिनिटांचे पैसे पडायचे, आणि घरातल्या कोणाला फोन करायचा झाला की बंद करावे लागायचे. आपोआपच लगाम होता. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली, त्यानंतर सगळ्याच कंपन्यांनी दर उतरवले, आणि इंटरनेट नळाच्या पाण्यासारखे झाले. आज जो मुलगा २२ वर्षांचा आहे तो तेव्हा कोवळ्या वयाचा होता. त्याची सगळी कुमारावस्था या नळाखाली गेली. त्याच्या वयाच्या माणसाला आपण 'आमच्या वेळी नव्हते असले काही' असे सांगतो, ते खरेच असते, पण त्याच्या काही उपयोगाचे नसते.

'इंटरनेटचे व्यसन' हा शब्द अमेरिकेत निघाला. डॉ. किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ च्या सुमारास त्यावर पहिले गाजलेले लेख लिहिले, आणि पुढे २० प्रश्नांची एक चाचणी तयार केली. ती चाचणी आजही वापरतात. आता गंमत ऐका. त्यांनी आरंभीच ज्या रोग्याची हकीकत छापली, तो कोणी उनाड कॉलेजकुमार नव्हता. ती होती ४३ वर्षांची गृहिणी! घरचा संगणक, गप्पांची दालने, आणि तासन्‌तास तिथे बसणारी बाई. तेव्हा आपण मंडळाच्या व्हॉट्सॲपवर सकाळी सहापासून फुलांची चित्रे पाठवणाऱ्या बायका फार शहाण्या आणि मुले तेवढी वेडी, असे समजून चालू नये.

वैद्यकाच्या दृष्टीने सांगायचे तर 'इंटरनेटचे व्यसन' असा सरसकट आजार अजून अधिकृत यादीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची नवी यादी २०१९ साली मान्य झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात मोबाईल-संगणकावरील खेळांच्या आहारी जाणे हा आजार म्हणून घातला आहे. त्याची लक्षणे तीन. खेळण्यावर ताबा राहत नाही. जेवण, झोप, अभ्यास, माणसे या सर्वांपेक्षा खेळ मोठा होतो. आणि नुकसान डोळ्यांनी दिसत असूनही खेळणे चालूच राहते, किंबहुना वाढते. हे साधारण बारा महिने चालले आणि त्यामुळे आयुष्याची घडी विस्कटली, तर तो आजार. मुलगा रोज चार तास मोबाईल बघतो एवढ्यावरून आजार ठरत नाही. तासांचा हिशेब हा आपण आयांनी धरलेला हिशेब आहे, डॉक्टरांचा नव्हे. डॉक्टर विचारतील, की या चार तासांमुळे काय बंद पडले?

याचे एक उदाहरण देते. माझ्याकडे एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. त्यांचे म्हणणे, सून अकरा-अकरा वाजेपर्यंत संगणकाला चिकटलेली असते, तिला व्यसन लागले आहे, काही तरी द्या. सून हिंजवडीच्या एका कंपनीची नोकरी घरून करीत होती. तिचे वरिष्ठ अमेरिकेच्या वेळेप्रमाणे बैठका घेत होते. ती बिचारी व्यसनी नव्हती, थकलेली होती. तिला औषध नको होते, रात्रीच्या स्वयंपाकातून सुटका हवी होती. मी सासूबाईंना तसे सांगितले. त्या रागावल्या, पण पुढच्या महिन्यात कळले की रात्रीच्या पोळ्यांना बाई लावली आहे.

आता दुसरे उदाहरण, आणि हे जरा सविस्तर सांगणार आहे. ओळख पटू नये इतपत फेरफार केला आहे.

तासगावकडचा एक मुलगा, द्राक्षबागाईतदाराचा. हुशार. पदवीनंतर पुण्याला गेला, राज्यसेवेच्या परीक्षेसाठी. तुमच्यापैकी ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता हे वेगळे सांगायला नको. चार जणांत एक खोली, अभ्यासिकेतली एक खुर्ची, मेस, आणि दर महिन्याला घरून येणारे पैसे. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत. त्यात परीक्षांच्या तारखांचा भरवसा नाही. २०२१ सालच्या मार्चमधली गोष्ट तुम्हांला आठवत असेल. करोनामुळे आधीच लांबलेली परीक्षा अवघ्या तीन दिवसांवर असताना पुन्हा पुढे ढकलली, आणि पुण्यात मुले रस्त्यावर उतरली. मग ती आठवड्याने घेतली गेली. असा टांगता जीव घेऊन मुले तीन-तीन, पाच-पाच वर्षे काढतात. ताण ताण म्हणतो तो हा. तो मोबाईलमधून निघत नाही, मोबाईलच्या आधीच आलेला असतो.

या मुलाची व्याख्याने मोबाईलवर, चालू घडामोडी मोबाईलवर, उत्तरपत्रिकांची चर्चा मोबाईलवर. म्हणजे मोबाईल हातातून काढून घेणे शक्यच नव्हते. दिवसभर अभ्यास करून रात्री बाराला डोके शिणले, की तो दहा मिनिटे म्हणून छोट्या चित्रफिती बघायचा. त्या चित्रफितींना शेवट नसतो हे तुम्ही पाहिलेच आहे. पूर्वी पान संपायचे, खाली क्रमांक असायचे, पुढचे पान उघडू की नको याचा क्षणभर विचार व्हायचा. २००६ साली अझा रास्किन नावाच्या एका तरुण कारागिराने पान कधीच संपू नये अशी युक्ती काढली. पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला, आणि तसे त्याने जाहीरपणे सांगितले. शिवाय पुढची चित्रफीत चांगली निघेल की रद्दड, हे आधी कळत नाही. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दर वेळी दाणा मिळाला तर कबुतर पोटापुरते खाऊन थांबते. कधी मिळतो, कधी मिळत नाही, असे केले तर ते वेड्यासारखे चोच मारत राहते. आपण सोडतीचे तिकीट घेतो त्याच्या मुळाशीही हेच. तेव्हा तुमच्या मुलाला 'तुला मनोनिग्रह नाही' असे म्हणण्यापूर्वी समोर कोण बसले आहे ते ध्यानात घ्या. हे यंत्र मुद्दाम असे घडवलेले आहे.

बाराचे दोन झाले, दोनचे चार झाले. सकाळी अभ्यासिकेत डोळे मिटू लागले. पूर्वपरीक्षा दोनदा हुकली. मित्राने पत्त्यांचा एक खेळ दाखवला, पैसे लावून खेळण्याचा. आधी पाचशे जिंकला. तुम्हांला पुढचे सांगायला नको.

दिवाळीला तो घरी आला तो आठ किलो उतरून. आईने देवधर्म केला, नजर काढली, आणि मग शेजारणीने सांगितले म्हणून एका होमिओपॅथी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पाऊण तास सगळे ऐकून घेतले. भीती कशाची वाटते, स्वप्ने कसली पडतात, उन्हाळा सोसतो की थंडी, गोड आवडते की खारट, सगळे विचारले, आणि गोळ्या दिल्या. पहिले आठ-दहा दिवस मुलाला बरे वाटले. झोपही जरा लागली. मग पुन्हा पहिले पाढे. गोळ्या बदलल्या, पुन्हा बदलल्या. असे पाच महिने गेले. त्यानंतर तो माझ्याकडे आला.

इथे मला होमिओपॅथीविषयी चार शब्द स्वच्छ बोलले पाहिजेत, कारण चौदांपैकी अकरा चिठ्ठ्यांत तीच विचारणा आहे, आणि आपल्यापैकी कित्येकींच्या घरी त्या पांढऱ्या गोळ्यांची पेटी आहे. मुलांच्या लहानपणापासून आहे. तिच्यावर तुमची श्रद्धा आहे हे जाणूनच बोलते.

ही पद्धती जर्मनीतील डॉ. सॅम्युएल हानेमान यांची. जन्म १७५५, मृत्यू १८४३. त्या काळचे डॉक्टर रोग्याचे रक्त काढत, जळवा लावत, पाऱ्याची औषधे देऊन दात पाडत. त्याला कंटाळून या गृहस्थाने १७९० साली सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली, आणि त्यातून 'जे द्रव्य निरोगी माणसात जी लक्षणे उत्पन्न करते, तेच द्रव्य अल्प प्रमाणात ती लक्षणे बरी करते' असा सिद्धांत मांडला. आपल्याकडे होनिगबर्गर नावाच्या डॉक्टरने १८३९ साली पंजाबात महाराजा रणजितसिंगांवर हे उपचार केले, आणि कलकत्त्याचे मोठे विद्वान डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८६७ साली उघडपणे या पद्धतीचा स्वीकार केल्यावर ती बंगालातून सर्वत्र पसरली. सरकारने १९७३ साली तिच्यासाठी कायदा केला, त्याच्या जागी २०२० साली नवा कायदा आला. म्हणजे शिक्षण आहे, पदवी आहे, नोंदणी आहे. होमिओपॅथ म्हणजे भोंदू असे मी मुळीच म्हणत नाही.

परंतु औषध म्हणजे काय, हे पाहू. मूळ अर्काचा एक थेंब, त्यात मद्यार्काचे ९९ थेंब घालून हलवले. त्यातला एक थेंब घेऊन पुन्हा ९९ थेंबांत. असे तीस वेळा केले की जी तीस नंबरची गोळी आपण घेतो ती. आपण बायकांना पातळ करण्याचे शास्त्र कोणी शिकवायला नको. दहा पाहुणे वाढले की आमटीत पाणी किती घालावे हे आपल्याला कळते. रसायनशास्त्राचा हिशेब असा आहे की बाराव्या खेपेच्या पुढे मूळ पदार्थाचा एक कणसुद्धा उरण्याची शक्यता जवळजवळ नसते. तिसाव्या खेपेला उरते ती साखर. जागरणावर देतात ते कॉफिया हे औषध कॉफीच्या बियांपासून, आणि बैठे काम, जागरण, चिडका स्वभाव यांवर देतात ते नक्स व्होमिका कुचल्यापासून केलेले असते. तीस नंबरच्या गोळीत कॉफीही नसते आणि कुचलाही नसतो.

यावर तुम्ही म्हणाल, 'पण बाई, गुण येतो ना!' येतो, हे मीही पाहिले आहे. म्हणूनच औषधाची परीक्षा करण्याची एक रीत ठरली आहे. रोग्यांचे दोन गट करायचे, एकाला खरे औषध आणि दुसऱ्याला दिसायला तशीच कोरी गोळी द्यायची, आणि कोणाला काय दिले हे देणाऱ्यालाही कळू द्यायचे नाही. कोऱ्या गोळीनेही पुष्कळांना बरे वाटते. कोणी तरी लक्ष दिले, आता काही तरी होईल अशी आशा वाटली, शिवाय दुखणे आपोआप कमीजास्त होतच असते. खऱ्या औषधाचा गुण याहून निराळा, याच्यावर उरला पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने असे अनेक प्रयोग एकत्र तपासून २०१५ साली जाहीर केले की ज्यावर होमिओपॅथी परिणामकारक आहे असा विश्वासार्ह पुरावा आहे, असा एकही आजार नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१७ साली आपल्या डॉक्टरांना ही औषधे लिहून देऊ नका असा सल्ला दिला. मग मोबाईलचे व्यसन तर कालपरवाचे दुखणे. तिथे या गोळ्यांचा गुण कसोटीला उतरला आहे, असे मी तुम्हांला सांगू शकत नाही.

मात्र त्या पाऊण तासाचे मोल मी कमी लेखत नाही. आमच्या दवाखान्यांत रोग्याला तीन मिनिटे मिळतात, आणि त्यातही डॉक्टरचे डोळे कागदाकडे असतात. हानेमानने आपल्या ग्रंथात स्पष्ट सांगून ठेवले आहे की रोग्याला मध्ये न तोडता त्याचे सगळे बोलणे ऐकावे. वेड लागलेल्यांना साखळ्या घालून मारण्याच्या त्या काळात, १७९२ साली, त्याने एका मोठ्या अधिकाऱ्याला आपल्याजवळ ठेवून घेऊन, हात न उगारता, सौम्यपणे सांभाळले होते. एवढा भाग आम्ही सर्व डॉक्टरांनी त्याच्याकडून उचलावा असाच आहे. त्या मुलाला पहिले दहा दिवस बरे वाटले ते यामुळे, असे मला वाटते. जन्मात प्रथमच कोणी तरी त्याला 'तुला काय वाटते' असे विचारले होते.

पण त्या पाऊण तासात आई शेजारी बसलेली होती. त्यामुळे एक गोष्ट निघालीच नाही.

मी आईला बाहेर बसवले. आधी अभ्यासाचे बोललो, द्राक्षांचे बोललो. मग विचारले, 'पैसे किती गेले?' तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, 'साठ-सत्तर हजार.' ते मोबाईलवरून झटपट कर्ज देणाऱ्यांकडून काढलेले. ते लोक आता त्याच्या ओळखीच्यांना फोन करण्याच्या धमक्या देत होते. मी पुढचा प्रश्न विचारला. 'जीव नकोसा वाटतो का?' तो रडू लागला. विहिरीपाशी दोनदा जाऊन आला होता.

भगिनींनो, इथे मी थोडी थांबते. असा प्रश्न विचारला तर नसता विचार डोक्यात भरेल, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. उलट, विचारल्याने ओझे उतरते. घरात कोणाची झोप उडाली, वजन उतरले, आवडीच्या गोष्टींतून मन उठले, 'माझ्यामुळे तुम्हांला त्रास' अशी भाषा सुरू झाली, तर शांतपणे, एकांतात, सरळ विचारा. आणि 'हो' असे उत्तर आले तर त्याला एकटे ठेवू नका, कीटकनाशकाची खोली कुलूपबंद करा, आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठा. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस म्हणून दूरध्वनीची सोय केली आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री चालतो, मराठीत बोलता येते. तो दाराच्या मागे लिहून ठेवा, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

त्या मुलाला विषण्णता होती, म्हणजे मनाचा खरा आजार. मोबाईल हा त्या आजाराचा आडोसा होता. असे वारंवार दिसते. चिंतारोग, विषण्णता, लहानपणापासूनची चंचलता, यांपैकी काही तरी खाली असते आणि वर मोबाईल दिसतो. आपण वरचे ओढत बसतो. मिरजेच्या मनोविकारतज्ज्ञांनी त्याला औषध सुरू केले, समुपदेशकांकडे आठवड्याला एकदा जाणे ठेवले. समुपदेशक काय करतात? मोबाईल कोणत्या वेळी, कोणत्या मनःस्थितीत हातात घेतला जातो याची वही ठेवायला लावतात, त्या वेळेला दुसरे काय करता येईल ते त्याच्याकडूनच काढून घेतात, आणि 'मी फुकट गेलो' यासारखे जे विचार डोक्यात फिरत असतात ते एकेक करून तपासायला शिकवतात. या रीतीला बऱ्यापैकी पुरावा आहे. बंगळूरच्या निमहॅन्स संस्थेत २०१४ सालापासून खास या तक्रारींसाठी बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथेही मोबाईल जप्त करीत नाहीत, त्याचा योग्य वापर शिकवतात.

कर्जाचे वडिलांना सांगणे सर्वांत अवघड गेले. ते मी आणि त्याचा मामा, दोघांनी मिळून सांगितले. वडील काही बोलले नाहीत, उठून बागेत गेले आणि तासाभराने परत येऊन म्हणाले, 'एका वर्षाचा बेदाणा गेला समजू.' धमक्यांची तक्रार १९३० या क्रमांकावर केली. पैसे लावून खेळण्याच्या असल्या खेळांवर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला आहे, पण चोरवाटा असतातच. तेव्हा कायदा झाला म्हणून निर्धास्त राहू नका.

तो मुलगा अधिकारी झाला का, असे मला विचारू नका. त्याने परीक्षा सोडली. आता एका बेदाण्याच्या शीतगृहात हिशेब बघतो. मोबाईलवर क्रिकेटचा खेळ अजून खेळतो, रविवारी जरा जास्तच खेळतो. रात्री झोपतो.

आता चहातल्या गोळ्यांचे उत्तर. नाही, देऊ नका. गोळीत काही नाही, मग अपाय काय, असे तुम्हांला वाटेल. अपाय दोन आहेत. एक म्हणजे २२ वर्षांचा मुलगा आईच्या हातचा चहा निःशंक पितो, तेवढा एकच विश्वास कदाचित त्या घरात शिल्लक असेल. ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवशी तोही जाईल. दुसरा अपाय वेळेचा. आपण काही तरी करतो आहोत या समाधानात पाच महिने निघून जातात. आणि बाजारात 'ताणावर थेंब' म्हणून ज्या बाटल्या मिळतात त्या सगळ्याच तीस नंबरच्या नसतात. काहींत मूळ अर्क असतो, आणि कुचल्याचा मूळ अर्क हे खेळणे नव्हे. ज्यांची मुले मनोविकाराची औषधे घेत आहेत त्यांनी कोणाच्याही सांगण्यावरून ती एकाएकी बंद करू नयेत, मग सांगणारा कोणत्याही पॅथीचा असो.

तुमचे होमिओपॅथ चांगले असतील, मुलाचे त्यांच्याशी जमत असेल, तर जाऊ द्या त्याला बोलायला. फक्त मनोविकारतज्ज्ञांकडे जाणे त्यासाठी लांबणीवर टाकू नका. सज्जन होमिओपॅथ स्वतःच चिठ्ठी लिहून पुढे पाठवतात. आपल्या गावात असे आहेत.

घरी काय करावे, हे तीन चिठ्ठ्यांत विचारले आहे. मोठ्या मुलाच्या हातून मोबाईल हिसकावू नका. त्यातून मारामाऱ्या झालेली घरे मी पाहिली आहेत. त्याच्याशी ठराव करा, आणि ठरावात स्वतःलाही बांधून घ्या. रात्री सगळ्यांचे मोबाईल स्वयंपाकघरात एका टोपलीत, वडिलांचासुद्धा. गजराला साधे घड्याळ आणा. मोबाईल गेल्याने मोकळा झालेला वेळ कशाने भरायचा हे आधी ठरवा, नाही तर ती पोकळी दोन दिवसांत त्याला परत ओढून नेते. या मुलाच्या बाबतीत मामाने त्याला पहाटे बागेत फवारणीच्या वेळी सोबत म्हणून नेले. उठायचे म्हणून झोपणे आले.

आणि हे एकट्या घराने करणे जड जाते, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावचे सांगते. कडेगाव तालुक्यातले हे गाव. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास त्यांनी ठरवले, की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल, आणि साडेआठपर्यंत गावात दूरदर्शन आणि मोबाईल बंद. आधी पुरुषमंडळी हसली. मग सरपंचांनी बायकांची सभा घेतली. बायकांनी कबूल केले की आपणही मालिकांत आणि मोबाईलमध्ये गुंतत चाललो आहोत, तेव्हा एकट्या मुलांना कशाला, सगळ्या गावानेच बंद ठेवावे. अंगणवाडीच्या ताई, आशाताई आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. मी हे गाव मुद्दाम सांगितले, कारण तिथे मुलांना 'तू बंद कर' असे कोणी म्हटले नाही.

आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲपवर रात्री दहानंतर एकही निरोप टाकायचा नाही, असा ठराव आज अध्यक्षबाईंनी मांडावा अशी माझी सूचना आहे. मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणते आहे, की भिशीची आठवण तेवढी चालावी. ती नऊला टाका.

एक चिठ्ठी उरली. 'मुलगी २४ वर्षांची आहे, रात्री दोनपर्यंत तिच्या खोलीतला उजेड दिसतो. विचारले की म्हणते, काही नाही. तिला काय म्हणून डॉक्टरांकडे आणू?' बाई, लगेच डॉक्टरांकडे आणू नका. आज रात्री उजेड दिसला की दोन कप दूध घेऊन तिच्या खोलीत जा. मोबाईलचे नाव काढू नका. तिच्याजवळ बसा, आणि ती जे दाखवील ते अर्धा तास तिच्याबरोबर बघा. तिसऱ्या-चौथ्या रात्री ती काही बोलली, तर ते ऐकून घ्या, आणि मग वाटले तर माझ्याकडे या. मंगळवार सोडून मी संध्याकाळी पाच ते आठ दवाखान्यात असते.